साड्यांच्या भिंती

जेवून सगळ्या बायका मैदानात परतल्या, तर साड्यांच्या घरात एक म्हातारी बोचकं घेऊन राहायला आलेली. चुलीच्या जागी तिनं तीन दगडही मांडले होते.

मुंबईच्या फुटपाथवरून नैरोबीच्या वस्तीत पाहुणी आलेल्या गुणाबाईनं सकाळीच तिथल्या बायकांना आपली रीत शिकवली होती. सरकारकडं घर मागण्याआधी बांबू रोवून, साड्यांच्या भिंती लावून खऱ्या मापाचं घर उभं करायचं, आत फिरून चूल कुठं, मोरी कुठं ते ठरवायचं आणि संध्याकाळी सगळं उतरवायचं.

"हिला खरंच घर मिळालंय असं वाटतंय," गुणाबाईला इथं घेऊन आलेल्या संस्थेची दुभाषी मुलगी म्हणाली. "मावशी, तुम्हीच समजवा."

गुणाबाई म्हातारीपुढं बसली. तेवढ्यात म्हातारीनं उघड्या आभाळाकडं बोट करून काहीतरी विचारलं.

"छप्पर कधी घालणार, म्हणतेय."

गुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "पावसाआधी घालू, सांग तिला."

मुंबईत पहिल्यांदा असं घर उभारलं, तेव्हा तिच्या आईनं हेच विचारलं होतं. गुणाबाईनंही हेच उत्तर दिलं होतं. त्यानंतरचे सगळे पावसाळे आईनं फुटपाथवरच काढले. गेलीही तिथंच.