वोंगारिनची गाडी

नेव टॉन्किन स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ टेकून जमिनीवर बसला होता. छातीवर एखादा मेंढा बसावा तसं त्याला वाटत होतं. त्याच्या बायकोने, मॉरीनने, अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन लावला आणि ती बोलून फोन ठेवते न ठेवते तोच नेवच्याच पट्ट्याला अडकवलेला पेजर ओरडायला लागला. नेवने सवयीने तो काढून वाचला. पत्ता त्याच्याच घराचा होता. तरी त्याचा हात बूट चाचपत होता.

"अरे, निघालास कुठे?" मॉरीन म्हणाली. "पेशंट तूच आहेस."

आमच्या वोंगारिन गावच्या अ‍ॅम्ब्युलन्सवर पगारी माणूस नाही. पेजर वाजला की गावातलेच लोक हातातली कामं टाकून धावतात. पूर्वी असे बरेच होते. मग कोणी खाणीत नोकरीला गेलं, कोणी शेत विकून समुद्राकाठी राहायला गेलं आणि दोघंच उरली. एक नेव आणि दुसरी पोस्ट सांभाळणारी ग्लेनिस. दोघांतलं एक जरी गळलं तर गाडी इथून हलवून शेजारच्या गावात ठेवायची, असं वरून कळवलेलं आहे. शेजारचं गाव म्हणजे तासाभराची वाट. वरच्यांना ती नकाशावर बोटभर दिसत असणार.

ग्लेनिस एकटीच गाडी घेऊन आली. दोघींनी मिळून नेवला कसंबसं स्ट्रेचरवर घेतलं, आत चढवलं आणि ग्लेनिस दारातच थबकली.

"मॉरीन, मी याच्याजवळ बसले तर चालवणार कोण?"

"हंगामात गव्हाचा ट्रक कोण चालवतं? किल्ली दे."

गाडी हॉस्पिटलकडे निघाली. नेव छताकडे बघत होता.

"ग्लेनिस, वर हा डाग कसला गं? इतकी वर्षं या गाडीत काढली, कधी दिसला नाही."

"दिसेल कसा? तू कधी आडवा झालायस इथे?" ग्लेनिसने त्याला गोळी चावायला दिली, जिभेखाली फवारा मारला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला आणि छातीला वायरी चिकटवल्या. "दुखतंय किती? दहापैकी सांग."

"दोन."

"शेतकरी दोन म्हणाला की सात समजायचं. तूच शिकवलंयस."

यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. "बघू, बघू," म्हणून नेवने ती ओढूनच घेतली आणि दुसऱ्याच्या शेतातलं पीक न्याहाळावं तशी वरखाली करून पाहिली. "बराच गोंधळ आहे की!" तो म्हणाला. आवाजात काळजीपेक्षा नवलच जास्त होतं. ग्लेनिसला हसू आलं नाही. तिला भीती वाटत होती. जे काही ती शिकली होती ते याच माणसाकडून, आणि आता त्याचाच चेहरा राखेसारखा फिका पडला होता.

"कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून."

"नक्की?"

नेव पुन्हा छताकडे बघायला लागला. ग्लेनिसला आठवलं, कापणीच्या दिवसांत भर उन्हात एका जाडजूड पेशंटला उचलताना हा मध्येच भिंतीला टेकून उभा राहिला होता. तिला वाटलं होतं, ऊन लागलं असेल.

"नेव, तू जे सांगशील त्यावरून डॉक्टर औषध ठरवणार. खोटं सांगून जिवाशी खेळतोयस."

"आजचं आहे म्हटलं तर थोडे दिवस घरी बसवतील. जुनं आहे म्हटलं तर कायमचंच. मग उरलीस तू एकटी, आणि गाडी गेलीच म्हणून समज." त्याने दम घेतला. "सकाळपासून, असंच सांग."

गाडीचा वेग कमी झाला. चाकांखाली खडी वाजली आणि कापलेल्या गव्हाच्या शेताला लागून गाडी उभी राहिली. मॉरीनने मधल्या खिडकीतून मागे पाहिलं.

"काय झालं?" नेव मास्कमधूनच ओरडला. "अगं, गाडीत पेशंट आहे!"

"माहितीये. माझाच आहे," मॉरीन म्हणाली. "कधीपासून दुखतंय ते खरं सांग. तोवर ही हलणार नाही."

"वेळ जातोय, मॉरीन!"

"मग सांग ना लवकर."

ग्लेनिस आ वासून दोघांकडे बघत राहिली. प्रशिक्षणात हे कुठेच नव्हतं.

"पेरणीपासून," नेव पुटपुटला.

मॉरीनला वाटलं होतं, आपला राग अनावर होईल. पण तिचे डोळेच भरून आले. पेरणीपासून हा माणूस दर वेळी पेजर वाजला की ताटावरून उठून पळत होता, आणि ती मागून अन्न गार झाल्याबद्दल ओरडत होती. मनगटाने डोळे पुसून तिने गाडी अशी दामटली की मागची सगळी खोकी खडखडली.

ग्लेनिसने रेडिओ घेतला आणि शहरातल्या नियंत्रण कक्षाला सगळं खरं सांगितलं. दुखणं पेरणीपासूनचं आहे, आणि वाढत गेलंय. पलीकडची मुलगी आवाजावरून तरुण वाटत होती आणि बोलायला गोड होती. डॉक्टर तयार राहतील, काळजी करू नका, असं ती म्हणाली. मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"तुम्ही बाहेर पडलात, तर मागे गावासाठी आता कोण आहे?"

ग्लेनिसने नेवकडे पाहिलं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

"कोणी नाही," ती म्हणाली. "होते नव्हते ते सगळे याच गाडीत आहेत."

पलीकडे जरा वेळ नुसती कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"माफ करा हं, गावाचं नाव काय म्हणालात?"

ग्लेनिस तोंड उघडणार तेवढ्यात नेवने मास्क हनुवटीखाली ओढला आणि कोपरावर रेटा देऊन अर्धवट उठला. तिने खांदा दाबून त्याला खाली ढकललं, पण तो ऐकेना. छातीत होता तेवढा जोर काढून तो रेडिओच्या दिशेने ओरडला, "वोंगारिन! लिहून घे, पोरी. वोंगारिन!"