तोआकासेकडची फेरी

"आज नको ना जाऊया," नेडा पलंगाच्या कडेला बसून म्हणाली. एक सँडल पायात, दुसरी हातात. घोटे सुजून टम्म झाले होते.

आर्लन टायची गाठ मारत होता. भर दुपारचे दोन, वीज सकाळपासून गेलेली. एकाहत्तर वर्षांचा माणूस. आयुष्यभर अमेरिकेतल्या आयडाहोत बटाटे पिकवले आणि आता या तोंगाच्या बेटावर घामाघूम होत टाय बांधायचा. पण मिशनचा नियम म्हणजे नियम.

"ती वाट बघत असेल," तो म्हणाला.

"तेच तर! वाट बघते म्हणून चीड येते रे."

सकाळपासून दोघांनी चर्चमधली पेटी दुरुस्त केली होती, शाळेतल्या पोरांकडून इंग्रजी घोकून घेतलं होतं, तापाने पडलेल्या एका बाईच्या घरी पाणी भरलं होतं. चर्चसाठी दीड वर्षाची सेवा, त्यातले सतरा महिने हेच. जीव अगदी मेटाकुटीला आला होता. तीन आठवड्यांनी घरी जायचं होतं. त्यांच्या मुलीला, जॉयला, लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते आणि बाळ हातात घ्यायला आपण तिथे असायचं, या एका आशेवर नेडा उभी होती.

पण मिशनच्या ऑफिसातून कागद आला होता. तुमच्या जागी येणारं जोडपं मिळत नाही, आणखी सहा महिने थांबाल का? कागद आर्लनच्या बायबलमध्ये घडी घालून पडला होता. उत्तर उद्यापर्यंत द्यायचं होतं.

"पुरे आता, ऊठ," नेडा स्वतःलाच म्हणाली आणि दुसरी सँडल चढवली.

ते बेटावर आले त्याच आठवड्यात इथल्या चर्चच्या प्रमुखाने, पेनीने, त्यांच्या हातात यादी ठेवली होती. पहिलं नाव तोआकासेचं. वय शहात्तर, नवरा वारलेला, चर्चला येत नाही. "रोज दुपारी जात जा तिच्याकडे," पेनी एवढंच म्हणाला होता. तेव्हापासून एक दुपार चुकली नव्हती.

तोआकासे दारातच बसली होती. "या, या. वाळलात नुसते! भाऊ, तुमचा सदरा बघा, खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय."

तिने दोघांपुढे उकडलेले अळूचे कंद आणि नारळाच्या दुधातली मासळी ठेवली. स्वतःला काहीच घेतलं नाही.

"पोरांचा फोन आला का?" तिने नेहमीचा प्रश्न विचारला.

"रविवारी येतो की," नेडा म्हणाली.

"हां. रविवारी." तोआकासेने नेडाच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. "खा गं बाई, खा."

नेडाची नजर घरभर फिरली. पूर्वी पलंगाखाली चटयांची गुडघाभर उंच चळत असायची. आता दोनच उरल्या होत्या. बाकीच्या तिने एकेक करून भाचे-पुतण्यांना देऊन टाकल्या होत्या. कोपऱ्यात दोरीने बांधलेली तपकिरी सुटकेस होती, वारलेल्या नवऱ्याचे कपडे असावेत. मागच्या अंगणात डुक्कर माजलं होतं.

"हे कधी कापणार?" आर्लनने विचारलं.

"सगळ्या गावाला एक जेवण घालायचंय मला, भाऊ. राहूनच जातंय बघा."

आर्लनने नेडाकडे पाहिलं. नेडाने मान खाली घातली.

तोआकासे चटई विणायला बसली. कमरेला चटई गुंडाळल्याशिवाय इथे कोणी चर्चमध्ये पाऊल ठेवत नाही, पण ही वीतभरच रुंद होती.

"कोणासाठी गं?" नेडाने विचारलं.

"आहे एक." तिने सुस्कारा सोडला. आर्लनने बायबल वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला तोआकासे बसल्या जागी पेंगायला लागली.

दोघं परतीच्या वाटेला लागले.

"ती आवराआवर करतेय," आर्लन म्हणाला. "चटया वाटल्या. डुक्कर कशासाठी पाळलंय, कळतंय ना तुला? मरायच्या आधी गावाला शेवटचं जेवण घालायचंय तिला."

"कळतंय. मी काय आंधळी आहे?" नेडा तडकली. "जॉयजवळ तिचा नवरा आहे, सासू आहे. या म्हातारीजवळ कोण आहे? एकटीच मरून पडेल रे ती."

मग रस्त्यातच थांबून ती रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "काढ तो कागद. सही करते, नाहीतर घरी पोचेपर्यंत माझं मन फिरेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोआकासेला सांगितलं. "आम्ही आणखी सहा महिने इथेच आहोत."

तिचे विणणारे हात थांबले. "म्हणजे? घरी नाही जायचं?"

"नाही."

"पण पोरं काय म्हणाली?"

"काल रात्री आम्हीच फोन केला. पोरं म्हणाली, राहा खुशाल," आर्लन हसला.

तोआकासेचे डोळे भरून आले. तिने नेडाला छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. त्या दिवशी परतताना नेडाचे घोटे दुखले नाहीत. आपण केलं त्याचं चीज झालं, असं तिला वाटलं.

ते दिसेनासे झाल्यावर तोआकासेने ताटं धुतली. कोपऱ्यातल्या सुटकेसवरची धूळ फडक्याने पुसली. मग ऑकलंडला मुलीला फोन लावला.

"सेइनी, तिकीट रद्द कर गं."

"आई! तिसऱ्यांदा? तुझा नातू चालायला लागला, अजून तू त्याचं तोंड पाहिलं नाहीस! पेनीकाकाला सांग, दुसरं कोणीतरी बघेल त्यांच्याकडे."

"कोण बघतंय, बाई! परवाच पेनी म्हणाला, तीन आठवड्यांनी जाणार आहेत म्हणून. आता आणखी सहा महिने नाही." तोआकासेने अर्धी विणलेली ती इवलीशी चटई मांडीवर ओढली आणि रुंद करायला तिचा काठ उसवायला घेतला. "चार-चार मुलं आहेत गं त्यांना, आणि या वयात आईबापाला समुद्रापार टाकून दिलंय. रोज दुपारी पाय ओढत माझ्या दारात येतात. मी निघून गेले, तर त्यांना जेवलात का म्हणून कोण विचारेल?"