पोटावरचा ठिपका

निहारचा लंगोट बदलताना शर्वाणीचा हात थांबला. त्याच्या पोटावरचा ठिपका गडद झाला होता.

अपुऱ्या दिवसांच्या प्रत्येक बाळाला इस्पितळात तो गोंदला जाई. जन्मतः गडद निळा असलेला ठिपका बाळ वाढेल तसा फिकट होई. तो पुन्हा गडद झाला, तर यकृतात गाठ वाढते आहे असे समजायचे. गेल्या आठवड्यात निहारचा ठिपका जेमतेम दिसत होता.

"रेवाताई, इकडे या लवकर!"

नणंद धावत आल्या आणि हसल्या. "अगं, काजळ आहे ते! उष्टावणाला आलेला जो तो म्हणत होता, पोराने काय बाळसं धरलंय, पोट बघा. दृष्ट लागेल म्हणून मीच तीट लावली."

"जीव गेला होता माझा, ताई."

शर्वाणीने तेलाचा बोळा ठिपक्यावरून फिरवला. कापूस काळा झाला. दुसरा बोळा करडा निघाला. तिसरा पांढराच राहिला. त्याखालचा ठिपका गडद निळा होता.

निहार पाय झाडत खिदळत होता.

"अजून थोडं पूस गं," रेवाताई म्हणाल्या. "घरचं काजळ आहे, चिवट असतं."