प्याल्यात उरलेला रस

प्याल्याच्या तळाशी दोन घोट रस उरला होता आणि त्यात तंबाखूची एक काडी फिरत होती.

पाळक अभिमन्यू रणभिसे चर्चच्या मागच्या दारात उभे होते. अंगात झगा तसाच. प्रभुभोजन संपवून मंडळी पुढच्या दारानं बाहेर पडत होती, तिकडून चहाच्या कपांचा आवाज येत होता. या चर्चचा जुना रिवाज असा, की आशीर्वाद दिलेला द्राक्षरस टाकायचा नाही. उरेल तेवढा पाळकानं प्यायचा. रिवाज पाडणाऱ्यांचं काय जातं म्हणा.

आणि दोष तरी कुणाला द्यायचा? करोनानंतर सगळे प्लास्टिकच्या चिमुकल्या कपांतून सुखानं पीत होते. आपण एक शरीर, तर प्यालाही एकच हवा, असं तीन रविवार घसा कोरडा करून यांनीच सांगितलं. मंडळीतल्या विजयमालाबाईंनी नाक मुरडलं, तर त्यांना यांनीच चारचौघांत गप्प केलं. एक प्याला आला. आणि भीमा रांगेत शेवटी गुडघे टेकू लागला. त्याच्या उष्ट्याला कुणी तोंड लावणार नाही, हे त्याला सांगावं लागलं नव्हतं. त्याच्यानंतर राहायचे फक्त पाळक.

भीमा एका ठेकेदाराकडे ड्रेनेजच्या कामावर होता. चिंचोळी एमआयडीसी असो की गावातलं हॉटेल, चेंबर तुंबलं की भीमा. आज सकाळी चर्चचंच तुंबलं होतं. सात वाजताच येऊन तो कमरेपर्यंत आत उतरला, बादल्या भरभरून घाण उपसली, नळाखाली बसून साबणानं तीनदा अंग चोळलं आणि पांढरा शर्ट घालून उपासनेला बसला. तरी वास गेला नव्हता. ओठ फुटलेले, दात मिसरीनं काळे. त्यानं प्याल्याला तोंड लावलं, तेव्हा पाळकांनी नजर वर क्रुसाकडे नेली. क्रुसाकडे बघायला काय, सोपं असतं.

गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. झग्याआड प्याला धरून मागं यायचं आणि लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकायचं. पहिल्या खेपेला त्यांनी प्यायचा प्रयत्न तरी केला होता. घोट नाकातून परत आला. शिसारी भीमाची यायची, आणि घरी जाऊन जेवायला बसलं की स्वतःची. प्रभूचा प्याला मातीत ओतणाऱ्या माणसानं तो लोकांच्या तोंडाशी कसा धरायचा? आज ओतला तर पाळकपणाचा राजीनामा लिहायचा, असं त्यांनी कालच ठरवलं होतं.

त्यांनी प्याला तिरका केला.

"तितं नका वतू, साहेब."

भीमा चेंबरचं झाकण नीट बसवायला मागं आला होता. बाह्या दुमडलेल्या, हातात पहार.

"मुंग्या लागत्यात लिंबाला," तो म्हणाला. "म्हैन्याच्या पयल्या रविवारीच लागत्यात. रस ग्वाड असतोय. मला कळतंय की."

पाळकांचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "भीमामामा, तुम्ही त्या घाणीत उतरता तरी कसे?"

"दाडंला तंबाखू धरतो. न्हायतर वास सोसत न्हाय." भीमानं पहार भिंतीला टेकवली. "आन उतरायच्या आदी येशूचं नाव घेतो. आत गॅस असतोय. त्यो पुडं उतरतो, मग मी. तितं त्यो रोज भेटतो मला. हितं म्हैन्यातनं एकदा."

त्यानं हात शर्टाला पुसला आणि पुढं केला.

"द्या हिकडं, मी पितो. माजंच उष्टं हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पाळकांना आपल्या स्वच्छ बोटांची, इस्त्रीच्या झग्याची, त्या तीन रविवारांच्या प्रवचनांची अशी किळस आली, की तंबाखूची काडी त्यापुढं काहीच नव्हती.

त्यांनी प्याला दिला नाही. डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. काडी टाळूला चिकटली. एका हातानं झाड धरून, दुसऱ्यानं तोंड घट्ट दाबून ते वाकले. डोळ्यांतून पाणी आलं. पण थुंकले नाहीत.

भीमा जवळ आला आणि आजारी लेकराची चोळावी तशी त्यांची पाठ चोळू लागला. त्याच हातांनी.

"सावकाश, साहेब," तो म्हणाला. "पयल्यांदा उतरताना हुतंच तसं."