दुष्काळाची मोजणी
दारी आलेला पाहुणा म्हणजे देव. त्याला रिकामा हंडा दिसू नये, हे कीर्तनं ऐकून ऐकून सरूबाईच्या हाडात मुरलेलं. विद्यापीठ, परदेशी संस्था आणि दूध सोसायटीची माणसं मिळून घरोघरचं पाणी मोजायला आली, तेव्हा तिनंच गल्लीतलं उरलंसुरलं पाणी चार हंड्यांत गोळा केलं. पाहुणे एका घरातून निघताच बाया तेच हंडे मागच्या दारानं पुढच्या घरात मांडायच्या. पंधरवड्यानं सोसायटीच्या सेक्रेटरीनं निकाल वाचला: घरटी चार हंडे, टँकर बंद. "अवो सेक्रेटरी, ते एकच पाणी व्हतं!" सरूबाई ओरडली. "खोटं न्हाई केलं, मान केला पाहुण्याचा." त्यानं कपाळाला हात लावला. "मावशी, तिन्ही संस्थांच्या सह्या झाल्या की." "मंग पुन्हा मोजा." "मोजणार हायेत. तीन वर्षांनी." "तवर हितं कोण ऱ्हातंय, बाबा?" म्हणत ती खाली बसली.