मुलामा दिलेलं मेडल

"याला मुलामा कोणी दिला?" मेडलवाल्याने डोळ्याचं भिंग न काढताच विचारलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. "नळाच्या तोट्या चमकवून देतो ना, त्याच्याकडून करून आणला. छान झालाय की नाही?"

जावयाने कपाळाला हात लावला.

जुनी मेडलं विकत घेणारा गावात हा एकच माणूस. जावयाने फोनवर फोन करून त्याला बोलावलं होतं. तो आला, दाराजवळची डगमगती खुर्ची सोडून पलीकडच्या स्टुलावर बसला, सासूबाईंनी पुढे ठेवलेला बिनसाखरेचा चहा सावकाश संपवला आणि मगच त्याने डबी उघडली. आतलं मेडल लग्नातल्या नवरीसारखं झगमगत होतं.

मेडल सासऱ्यांचं. लढाईत जखमी झालेल्या सोबत्याला त्यांनी पाठीवर घालून आणलं होतं, त्याबद्दल मिळालेलं. ते गेल्यापासून सासूबाई लेकीकडे, म्हणजे जावयाच्या घरात राहत होत्या. आणि जावई म्हणजे धंद्याचा मोठा हौशी! आधी टायरचं दुकान घातलं, ते बसलं. मग छपाईचं यंत्र आणलं, त्यात बायकोच्या बांगड्या गेल्या, पाठोपाठ तिचं शिलाई मशीनही गेलं. आता साहेबांना थंड पेयांची एजन्सी घ्यायची होती आणि घरात विकण्याजोगी एवढी एकच वस्तू उरली होती. "मेडल विका, नाहीतर दोघी मायलेकी चालू लागा," असं त्याने परवाच पानावर बसून, आमटी वाढून घेता घेता सांगितलं होतं. तोंडातला घास न अडकता एखादा माणूस असं बोलू शकतो, याचं लेकीला नवल वाटायचंही आता थांबलं होतं.

"मूळचं ब्राँझ असणार," मेडलवाला म्हणाला. "काळपट, जरा झिजलेलं. संग्राहकांना तेच हवं असतं. माणसाच्या छातीवर मिरवलेलं, त्याच्या घामाने डागाळलेलं."

"डाग होते म्हणून तर चमकवलं," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, मुलामा देण्याआधी तो माणूस वस्तू तेजाबात बुडवतो, चाकावर घासतो. कडेला नाव कोरलेलं असतं, ते पुसट होतं. इथे तर काहीच वाचता येत नाही."

"मग मुलामा उतरवा की!" जावई ओरडला.

"मुलामा उतरेल. पण घासून गेलेला धातू परत येत नाही. नावाशिवाय हे कोणाचंही मेडल असू शकतं, साहेब."

"निदान वजन तरी करा! काटा आणलाय ना तुम्ही?"

"आणलाय," मेडलवाल्याने बॅगेची चेन ओढून घेतली. "पण त्याची गरज नाही."

जावई सासूबाईंकडे वळला. "मुद्दाम केलंत ना हे?"

"हो."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. माणूस निदान आधी नाही तरी म्हणतो.

"हो, जावईबापू, मुद्दामच केलं. माझ्या नवऱ्याने रक्त सांडून मिळवलेली वस्तू तुमच्या बाटल्यांच्या खोक्यांसाठी नाही. तिला मी सोन्याचा मुलामा देईन नाहीतर चुलीत घालीन. विचारणारे तुम्ही कोण?"

"माझ्या घरात राहून मलाच विचारता?"

"आवाज खाली. पाहुणे बसलेत."

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आईचा हा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. तिला भीती वाटत होती आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

"शंभर-दोनशे देता येतील," मेडलवाला उठत म्हणाला. "शोभेची वस्तू म्हणून."

"तेवढ्याला मी माझी चप्पलसुद्धा विकणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "या आता."

मेडलवाल्याने वाकून नमस्कार केला, जरा जास्तच वाकून, आणि तो जिना उतरून गेला.

जावयाने मेडल उचललं आणि भिंतीवर भिरकावलं. "बसा आता त्याची पूजा करत! संध्याकाळी मी परत येईन तेव्हा तुम्ही दोघी इथे दिसता कामा नयेत." धाडकन दार लावून तोही गेला.

लेकीने मेडल शोधून काढलं. कपाटाखाली गेलं होतं. ओढणीने पुसता पुसता तिला रडू फुटलं. "आई, बाबांची एवढी एकच खूण उरली होती गं. तिचीही माती केलीस. आणि आता आपण जायचं कुठे?"

"रडू नकोस. नात शाळेतून येईल, आधी तिचे कपडे बांध, मग आपले. भांड्यांतला कुकर तेवढा घे, तो माझा आहे."

"अगं पण कुठे?"

सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि एक किल्ली तिच्या हातावर ठेवली. "पाण्याच्या टाकीमागे दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत तुझ्यासाठी नवं शिलाई मशीन मावतं, मी मापून आले. कागद तुझ्या नावावर आहेत. त्याची सही कशालाच लागत नाही."

लेक किल्लीकडे बघतच राहिली. "एवढे पैसे कुठून आणलेस तू?"

"तुझ्या बाबांचं खरं मेडल विकून. गेल्या महिन्यात. आत्ता चहा पिऊन गेला ना, त्यालाच."