अर्धी भाजावळ

“वायच बाजूस हो.”

“नाय होणार, मामंजी.”

काशीरामतात्यांच्या हातात काडेपेटी होती आणि त्यांची सून विमला वाफ्यात रचलेल्या पाल्यावर पाय रोवून उभी होती. २००३ सालचा मे महिना. भोवतालच्या प्रत्येक शेतात भाजावळ चालली होती. ऐन-किंजळीच्या झाडांवर चढून फांद्या तोडायच्या, त्या शेण-पाल्यासकट वाफ्यावर रचायच्या, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. त्या राखेत भात पेरलं की तरवा, म्हणजे लावणीची रोपं, जोमाने येतो. तात्यांच्या आजोबांपासून हे असंच चालत आलं होतं. धुराने अलोऱ्याकडचा डोंगर दिसेनासा झाला होता.

विमलाला तो धूर आता बघवत नव्हता. मागच्या दिवाळीच्या सुमारास ती बचत गटाच्या बायकांबरोबर चिपळूणला शिबिराला गेली होती. झाडाने हवेतून घेऊन पानांत साठवलेला कार्बन आपण पेटवला, की सगळा एका दिवसात परत आभाळात जातो आणि आभाळ तापतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. तोच पाला कुजवून जमिनीला दिला, तर त्यातलं काही मातीत टिकतं आणि माती ओल धरते. विमलाने घरी येताच परसात खड्डा खणला. गळलेली पानं, पेंढा, शेण घालून सहा महिने खत कुजवलं.

“अर्धा वाफा मला द्या,” ती म्हणाली. “फक्त अर्धा.”

तात्या हातातली काडेपेटी नुसतीच हलवत राहिले. आतल्या काड्या खुळखुळत होत्या.

“तुजा अर्धा फुकट गेला तर अर्धं शेत उजाड. मंग वरीसभर खायचं काय? खत?”

“आणि नाय गेला तर?”

तात्या वाफ्याच्या अर्ध्या बाजूला सरकले. विमलाने आपल्या बाजूच्या फांद्या ओढून त्यांच्या बाजूला टाकल्या. तात्यांनी काडी ओढली.

वाफ्याच्या वरच्या बांधावर एक ऐन होता. आसपासची झाडं तोडून तोडून खांबांसारखी झाली होती. हा एकटाच दाट वाढला होता. सात वर्षांपूर्वी थोरला दीर दादू त्याच्यावरून पडून गेला. विमला त्यानंतर या घरात आली. तिला दादू भिंतीवरच्या फोटोतला तेवढा माहीत. घरात त्याचं नाव कोणी काढत नसे, आणि तात्या त्या ऐनाच्या सावलीत कधी टेकत नसत.

मृगात भात पेरलं आणि दोघांचीही झोप उडाली.

तात्या दिवसातून चार वेळा वाफ्यावर जायचे. आपल्या भाजलेल्या काळ्या अर्ध्याकडे बघायचेही नाहीत. विमलाच्या बाजूला उकिडवे बसायचे, एखादं रोप उपटायचे, मुळाची माती बोटाने झाडायचे, पुन्हा खोचायचे. तिच्या अर्ध्यात तण माजलं. राखेत ते जळून जातं, इथे जळायला आगच नव्हती. ती रोज कंबर मोडेतो खुरपत बसली. एकदा आठ-दहा रोपं पिवळी दिसली तेव्हा ती दिवस मावळेतो वाफ्यातून हलली नाही. मुंबईहून नवऱ्याचा, स्वरूपचा, फोन आला, “बाबांशी पैज कशाला लावलीस?” तिला सांगता येईना की पैज लावलीच नव्हती. लावली असती तर बरं झालं असतं. निदान हरल्यावर तात्या काय करणार, ते कळलं असतं.

“रोपं सारखी उपटू नका, मामंजी,” एक दिवस तिने न राहवून म्हटलं.

“मुळं बघतो.”

“काय दिसतं मुळांत?”

ते उठून गेले.

लावणीच्या दिवशी शेजारचा बाबू आणि वाडीतल्या बायका मदतीला आल्या. तरवा काढून मुठी बांधल्या, बांधावर ठेवल्या. घाईत दोन्हीकडच्या मुठी एकमेकींत मिसळल्या, आणि बाबूला ही कुठली नि ती कुठली ते सांगता येईना.

“तात्या, तुमी वळखा,” तो म्हणाला. “साठ पावसाळे काडलेत नव्हं?”

तात्यांनी दोन मुठी उचलल्या. मुळं पाण्यात खळबळून धुतली. बोटांनी लांबी मापली, पातं चावून बघितलं. मग आणखी दोन घेतल्या. सगळ्या बायका थांबून बघत होत्या.

“नाय वळखत,” ते शेवटी म्हणाले.

“संपलं,” बाबू हसला. “सुनेनं काडेपेटी हिसकावली, तात्या. आता विडी पेटवायला तिलाच विचारा.”

बायका हसल्या. विमलाही हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा जीव भांड्यात पडला. पण वळून बघते तर तात्या नव्हते. मुठी चिखलात तशाच पडल्या होत्या.

ते बांधावर, ऐनाखाली बसले होते. अंगावरून पाणी निथळत होतं. जवळ जावं की नको, असं होऊन विमला क्षणभर थांबली. मग चहाचा पेला घेऊन वर गेली.

“कोणी हरलं नाय, मामंजी,” ती हळू आवाजात म्हणाली. “माती आपलीच. पुढच्या साली कोणाला झाडावर चढायला नको, एवढंच.”

तात्यांनी पेला घेतला नाही. मान वर करून ते ऐनाच्या बुंध्याकडे बघत होते. खूप वर फांदी तोडल्याची एक जुनी, अर्धवट राहिलेली खूण होती. तिच्याभोवती साल वळून आली होती.

“भाजायची गरजच नव्हती,” ते म्हणाले, “तर मी दादूला हितं कशाला चढवला, गो?”